सोसायटीची अग्निसुरक्षा: ४१ लाखांचं कोटेशन, ९६ घरं, कुठे खर्च करायचा आणि कुठे थांबायचं?

खोपटकर | ३ जून, रात्री १०:२०

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय.

ठाण्यातली आमची इमारत २००३ सालची. स्टिल्ट पार्किंग आणि वर १२ मजले, मजल्याला आठ घरं, दोन जिने, दोन लिफ्ट. उंची साधारण ३८ मीटर. गेल्या वर्षी मी सेक्रेटरी झालो. कपाटातल्या फायली चाळताना कळलं की फॉर्म बी चार वर्षं भरलेलाच नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपली. आता नोटीस आली आहे.

यंत्रणेची अवस्था लिहितानाही लाज वाटते. पंपाचं पॅनेल कित्येक वर्षं 'मॅन्युअल'वर आहे, कारण पाइप गळतो आणि 'ऑटो'वर ठेवलं की पंप सारखा चालू होतो. होज बॉक्समधले पितळी नोझल चोरीला गेलेत. अलार्म कधी वाजलेला कुणाला आठवत नाही. जिन्याचे दरवाजे २०१० च्या रंगकामात काढले ते परत बसवलेच नाहीत.

हातात दोन कोटेशनं आहेत. एक ४१ लाखांचं, सगळं नवं, प्रत्येक फ्लॅटमध्ये स्प्रिंकलरसुद्धा. दुसरं नऊ लाखांचं. तो माणूस म्हणाला, "थोडी डागडुजी करतो, सिलिंडर बदलतो, फॉर्म बी तुमच्या हातात." २२ तारखेला सर्वसाधारण सभा आहे. ४१ कुणाला परवडणार नाही आणि नऊवर सही करायला माझा हात धजत नाही. मधली वाट आहे का?

---

हिशेबनीस | ३ जून, रात्री ११:०५

४१ लाख भागिले ९६ म्हणजे घरटी ४२,७०० रुपये. मी पेन्शनर आहे, आमच्या सोसायटीत निम्मे तसेच. महिन्याच्या औषधांतून उरतं त्यात वर्षाला एवढी रक्कम काढणं अवघड आहे, हे आधी मान्य करा. सभेत हात वर करणाऱ्या तरुण सभासदांना हे दिसत नाही.

दुसरं, २२ वर्षांत तुमच्याकडे आग लागली का? नसेल तर जोखीम नेमकी किती आणि तिच्यासाठी किती मोजायचं, हा प्रश्न विचारणं म्हणजे कंजूषपणा नव्हे.

---

खोपटकर | ३ जून, रात्री ११:३०

दोनदा लागली. २०१२ मध्ये मीटर रूममध्ये, वॉचमनने वाळू टाकून विझवली. २०१९ मध्ये सहाव्या मजल्यावर एसीच्या वायरने पडदा पेटला, शेजाऱ्याने बादलीभर पाण्याने विझवला. मोठी कधीच नाही.

---

आरेखक | ४ जून, सकाळी ८:१५

मी २६ वर्षं इमारतींच्या पाण्याच्या आणि अग्निशमन यंत्रणांची डिझाइनं करतोय. हिशेबनीसांचा प्रश्न मला योग्य वाटतो. पैसा नेहमी मोजकाच असतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कामात काहीतरी गाळावं लागतं. काय गाळलं यावर माणसं वाचतात किंवा जातात.

दोनदा लागली आणि दोन्ही वेळा विझवायला कुणीतरी जागं होतं. सहाव्या मजल्यावरचा पडदा रात्री तीनला पेटला असता तर? जोखीम म्हणजे 'किती वेळा' आणि 'किती वाईट' यांचा गुणाकार. पहिला आकडा लहान म्हणून दुसऱ्याकडे बघायचंच नाही, असं करता येत नाही.

आता खर्चाचं. माझ्या कामात एक साधा हिशेब असतो. आग लागल्यापासून जिना धुराने निकामी होईपर्यंत किती मिनिटं मिळतात, आणि माणसाला कळून, उठून, दार उघडून, खाली पोचायला किती लागतात. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा राहिला पाहिजे, बऱ्यापैकी मोठा. फोमचा सोफा आणि सिंथेटिक पडदे असलेली आजची बैठकीची खोली पाच मिनिटांच्या आत पूर्ण पेट घेऊ शकते. म्हणून कोटेशनमधल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हा रुपया मला किती मिनिटं मिळवून देतो?

असं विचारलंत की क्रम उलटा होतो. चकचकीत वस्तू मागे जातात आणि जिन्याचं दार पुढे येतं. बहुतेक आगींत माणसं ज्वाळांनी जात नाहीत, धुराने जातात. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या गच्चीवरच्या पबला आग लागली, १४ जण गेले. त्यातले कितीतरी स्वच्छतागृहात आसऱ्याला गेलेले होते आणि गुदमरून गेले. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे आग खाली पार्किंगमध्ये लागली, गाड्या आणि तिथे ठेवलेल्या चिंध्यांच्या गाठोड्यांत. धूर वर चढला आणि झोपेतली माणसं अडकली. तुमच्याकडेही स्टिल्ट पार्किंग आहे आणि जिन्याला दारं नाहीत. म्हणजे खाली लागलेल्या आगीला वर न्यायला १२ मजल्यांची दोन धुराडी तयारच आहेत.

४१ लाखांच्या कोटेशनमध्ये दारं आहेत का, ते बघून सांगा. आणि ओळवार रकमाही टाका.

---

खोपटकर | ४ जून, सकाळी ९:४०

बघितलं. दारं नाहीत! रकमा अशा: फ्लॅटमधले स्प्रिंकलर आणि डिटेक्टर १३ लाख, पूर्ण रायझर (आगीसाठीचं पाणी प्रत्येक मजल्यावर नेणारा उभा पाइप) बदलणं साडेआठ, नवे पंप आणि पॅनेल सात, अलार्म आणि उद्घोषणा यंत्रणा साडेपाच, पार्किंगमधले स्प्रिंकलर चार, होज, नोझल, सिलिंडर वगैरे तीन.

---

जुना_जवान | ४ जून, दुपारी १:१०

मी अग्निशमन दलात ३१ वर्षं काढली. एक प्रसंग सांगतो, शहराचं नाव राहू द्या.

आठव्या मजल्यावर आग. आम्ही सात मिनिटांत पोचलो. गेटच्या आत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, आमचा बंब रस्त्यावरच राहिला. दोघे होज खांद्यावर घेऊन वर पळाले. आठव्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हला जोडला, फिरवला, पाणी नाही. पंप 'मॅन्युअल'वर, पंपरूमला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी गावाला. मग खालून जिन्याने होजला होज जोडत वर नेला. आग लागलेल्या घरातल्या आजी तोवर गेल्या होत्या. त्या इमारतीची यंत्रणा कागदावर पूर्ण होती.

त्यामुळे नवे पंप घ्या की जुने दुरुस्त करा, याने आम्हाला फरक पडत नाही. पॅनेल 'ऑटो'वर पाहिजे आणि सर्वांत वरच्या हायड्रंटला, म्हणजे होज जोडायच्या नळाला, साडेतीन किलोचा दाब मिळाला पाहिजे. महिन्यातून एकदा गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडून बघा, गेज लावून. त्याला खर्च शून्य.

गाडी आत यायला सहा मीटरची मोकळी जागा लागते. तुमच्या आवारात ती सलग आहे का? पिवळा पट्टा मारून तिथलं पार्किंग बंद करा. यावर सभेत जेवढं भांडण होतं तेवढं ४१ लाखांवरही होत नाही, हे माहीत आहे. तरीही करा.

---

मीनल_लीड्स | ४ जून, संध्याकाळी ५:५०

इथे इंग्लंडमध्ये बसून हे वाचताना पोटात गोळा आला, म्हणून लिहिते.

१४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. २४ मजली इमारत, एकच जिना. नूतनीकरणात बाहेरून झिंकचं आवरण लावायचं ठरलं होतं, ते बदलून प्लॅस्टिकचा गाभा असलेलं अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं. वाचले जवळजवळ तीन लाख पौंड. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातली आग त्याच आवरणावरून चढत वर गेली.

त्यानंतर देशभर तशा इमारती शोधल्या गेल्या. आमचीही निघाली. आवरण काढेपर्यंत चोवीस तास गस्त घालायला माणसं ठेवावी लागली आणि त्याचं बिल आम्हा घरमालकांवर आलं. काही महिन्यांच्या गस्तीत जेवढे गेले तेवढ्यात इमारतभर अलार्म बसला असता. शेवटी तोच बसवला. फ्लॅट विकता येईना, बँका कर्ज देईनात. माझ्या मैत्रिणीने याच काळात लग्न पुढे ढकललं.

१८ मीटरच्या वरच्या नव्या निवासी इमारतींना इंग्लंडमध्ये आता दुसरा जिना लागणार आहे, ३० सप्टेंबर २०२६ पासून. विकासक म्हणत होते, विकायची जागा कमी होते. होतेच. खोपटकर, तुमच्याकडे पहिल्यापासून दोन जिने आहेत ही मोठी गोष्ट आहे. ते मोकळे ठेवा.

आणि एक विचारते: तुमच्या दर्शनी बाजूला एसीपी शीट, म्हणजे तसंच अ‍ॅल्युमिनियमचं आवरण, लावायचं कुणाच्या डोक्यात आहे का? भारतात हल्ली रंगकामाबरोबर तेही करतात.

---

खोपटकर | ४ जून, रात्री ९:००

मीनल, आहे. लॉबी आणि पुढच्या बाजूच्या सुशोभीकरणासाठी सहा लाख वेगळे काढून ठेवलेत.

---

आरेखक | ४ जून, रात्री ९:२५

ते सहा लाख आधी थांबवा. प्लॅस्टिकच्या गाभ्याचं शीट इमारतीला लावणं म्हणजे बाहेरच्या भिंतीवर इंधन चिकटवणं. लॉबीतही नको, तीच तुमची बाहेर पडायची वाट आहे. फार हौस असेल तर चांगला रंग द्या.

---

अबोली७ | ५ जून, सकाळी ७:३०

माझी आई व्हीलचेअरवर असते, नवव्या मजल्यावर. तुमच्या मिनिटांच्या हिशेबात ती कुठे बसते? ती जिना उतरू शकत नाही आणि आगीत लिफ्ट वापरायची नाही असं सगळे सांगतात. आमच्या इमारतीत आठव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी आसरा घ्यायची जागा आहे, तिथे सोसायटीने व्यायामाच्या सायकली ठेवल्यात आणि ग्रिलला कुलूप लावलंय. मी तीनदा अर्ज दिला. उत्तर आलं की मुलं तिथे दंगा करतात म्हणून कुलूप आहे.

---

आरेखक | ५ जून, सकाळी १०:०५

अबोली, तुमच्या आईसाठीच तो मजला असतो. तिथे मोकळी हवा असते, दलाची माणसं आधी तिथे बघतात. मोकळा करायला पैसा लागत नाही, म्हणूनच राग येतो. चौथा अर्ज लेखी द्या, कायद्याचा उल्लेख करून, आणि पोच घ्या.

तोवर घरात एक करा. आईच्या खोलीचं दार भक्कम, नीट लागणारं हवं, आणि खोलीला रस्त्याकडे उघडणारी खिडकी हवी. ग्रिल असेल तर ती आतून उघडणारी करून घ्या. दार बंद, फटीला ओली चादर, खिडकी उघडी, १०१ ला फोन करून मजला आणि खोली सांगायची. ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेलं लक्षात ठेवून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावलं होतं. नंतर तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला.

जिना उतरू न शकणाऱ्यांची यादी, मजला आणि घर क्रमांकासह, वॉचमनच्या केबिनमध्ये लावलेली हवी. खोपटकर, तुम्हीही करा.

---

वायरमन_कोल्हापूर | ५ जून, दुपारी ३:४५

सगळे आग लागल्यानंतरचं बोलताय. ती लागते कुठून? मी रोज बघतो. इमारत वीस वर्षांपूर्वीची, तेव्हा घरात एक एसी, आता तीन. वायर तीच. वर गिझर, इंडक्शन. एमसीबी उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवून घेतात, आणि मग एमसीबी उडायच्या आधी वायर वितळते.

तुमच्या मीटर रूमचं मुख्य पॅनेल तपासून घ्या, थर्मल कॅमेऱ्याने. सैल जोड तापलेले लगेच दिसतात. प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा. आणि इलेक्ट्रिक डक्टचं दार उघडून आत वर बघा. प्रत्येक मजल्यावर स्लॅबला भोक असतं, केबल जायला. ते बुजवलेलं नसेल तर खालच्या मीटर रूममधली आग थेट वर. डक्टमध्ये झाडू, रद्दी, रंगाचे डबे भरलेले असतात ते वेगळंच.

---

हिशेबनीस | ५ जून, रात्री ८:२०

मी कालपासून वाचतोय आणि आज आमच्याच इमारतीचं डक्टचं दार उघडून बघितलं. चौथ्या मजल्यावर दोन सतरंज्या आणि टर्पेंटाइनचा डबा होता. तळमजल्यापासून वरपर्यंत उजेड दिसत होता. माझं आधीचं म्हणणं मागे घेत नाही, पैशांची अडचण खरीच आहे. पण क्रम सांगा. कमीत कमी पैशांत आधी काय?

---

आरेखक | ६ जून, सकाळी ९:००

खोपटकरांनी फोटो आणि मूळ एनओसी (अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र) व्यक्तिगत निरोपातून पाठवली. त्यावरून लिहितो. साइट बघितल्याशिवाय हा अंदाजच, आणि शेवटचा शब्द परवानाधारक सल्लागाराचा.

एक रेघ आधी ओढून घ्या. मूळ मंजुरीत आणि एनओसीत जे आहे, त्यात तडजोड नाही. तुमच्या एनओसीत वेट रायझर, पंप, होज, अलार्म आणि जिन्याची दारं आहेत. फ्लॅटमधले आणि पार्किंगमधले स्प्रिंकलर नाहीत. म्हणजे ताणून विचार करायला जागा आहे ती रेघेच्या वर, किंवा रेघेच्या आतलं काम स्वस्तात पण पक्कं कसं करायचं यात.

दारं: १२ मजले, दोन जिने, २४ दारं. १२० मिनिटांची, आपोआप मिटणारी. साधारण सात लाख वीस हजार. हा सर्वांत मोठा खर्च आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. डक्टची सगळी भोकं अग्निरोधक साहित्याने बुजवणं एक लाख तीस हजार. जिन्याच्या खिडक्यांना पावसासाठी आणि कबुतरांसाठी लावलेलं अ‍ॅक्रिलिक काढून तिथे कायम उघडे लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची झडप) आणि जाळी, पन्नास हजार. तुमचा जिना नैसर्गिक हवेवर धूर बाहेर टाकतो, म्हणून पंख्याने दाब देणारी महागडी यंत्रणा लागत नाही. अ‍ॅक्रिलिक लावून तुम्ही ती सोयच बंद केली होती.

पंप नवे नकोत. मुख्य पंपाची ओव्हरहॉलिंग, नवा जॉकी पंप (पाइपमधला दाब टिकवणारा छोटा पंप), डिझेल इंजिनाची बॅटरी आणि नवं पॅनेल, तीन लाख वीस हजार. रायझर सगळा बदलू नका. आधी दाबाची चाचणी घ्या. फोटोंत गंज जमिनीलगतच्या आडव्या पाइपला आणि चौथ्या मजल्यापर्यंत आहे. तेवढा बदलायला तीन लाख ऐंशी हजार. होज, नोझल, सिलिंडर दोन लाख चाळीस. नोझल पितळी घेऊ नका, परत चोरीला जातील. अलार्म साधा: प्रत्येक मजल्यावर हाताने दाबायचं बटण, भोंगा, सामायिक जागांत आणि मीटर रूममध्ये डिटेक्टर. तीन लाख साठ हजार.

एकूण २२ लाख. पार्किंगमधल्या स्प्रिंकलरचे चार लाख पुढच्या वर्षी घ्या, पण सोडू नका. तुम्ही तिथे ईव्हीचे चार्जर लावणारच आहात. तोवर पार्किंगमधलं भंगार, जुन्या गाद्या, बंद स्कूटर याच आठवड्यात हलवा.

फ्लॅटमधले स्प्रिंकलर गाळताना मला बरं वाटत नाही. स्प्रिंकलरचा लाल बल्ब ६८ अंशांना फुटतो, आणि आगीजवळचा तेवढाच फुटतो, घरभर पाऊस पडत नाही. आग लहान असतानाच धरणारं दुसरं काही नाही. इमारत नवी बांधायची असती तर मी ते काढू दिले नसते. पण राहत्या ९६ घरांत सिलिंग फोडून आज हे १३ लाख घालायचे, की दारं, डक्ट आणि पाणी? मी दारं घेईन. नऊ लाखांच्या कोटेशनबद्दल एवढंच: त्यात मिनिटं नाहीत, नुसता कागद आहे, आणि त्या कागदावर सही तुमची असणार.

---

जुना_जवान | ६ जून, दुपारी १२:३०

पूर्ण सहमत, एक सोडून. अलार्म दारांच्या आधी बसवा. लोकांना कळलंच नाही तर दारं कुणासाठी?

---

आरेखक | ६ जून, दुपारी १:००

मान्य. दारं बनून यायला तसेही दोन महिने लागतात. अलार्म आणि डक्ट पहिल्या महिन्यात.

---

खोपटकर | २३ जून, रात्री १२:१०

सभा आत्ता संपली. चार तास. सुशोभीकरण रद्द. दुरुस्ती निधीची नऊ लाखांची ठेव मोडायची, उरलेले १३ लाख सभासदांकडून, म्हणजे घरटी साडेतेरा हजार, चार हप्त्यांत. अकरा जणांनी विरोध केला. त्यातल्या दोघांना खरंच जमणार नव्हतं. त्यांचे हप्ते वर्षभर लांबवले, बिनव्याजी. पिवळ्या पट्ट्यावरून जुन्या_जवानांनी सांगितलं तसंच झालं, तो विषय पुढच्या सभेत ढकलला गेलाय. मी सोडणार नाही.

---

खोपटकर | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:००

कळवायचं राहिलं होतं. दारं लागली, डक्ट बुजले, पंप 'ऑटो'वर आहे. आज सकाळी पहिली ड्रिल घेतली. गच्चीवरच्या हायड्रंटला गेजवर ३.६ आलं तेव्हा टाळ्या वाजल्या. शेवटचा माणूस खाली यायला १४ मिनिटं लागली. अकराव्या मजल्यावरच्या दोन घरांना भोंगा ऐकूच गेला नाही, त्यांच्या लॉबीत आणखी एक बसवतोय. न उतरू शकणाऱ्यांची यादी सात जणांची निघाली. मला वाटलं होतं दोघं असतील.

अडचण एकच. दारं जड आहेत, म्हणून दूधवाला आणि मुलं विटा लावून ती उघडी ठेवतात. रोज फिरून मी विटा गोळा करतो.

---

आरेखक | १४ सप्टेंबर, रात्री ८:३०

चौदा मिनिटं पहिल्या वेळेला वाईट नाहीत. पुढची ड्रिल रात्री घ्या, १४ एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहाची वाट बघू नका.

विटांवर उपाय आहे. विजेवरचं चुंबक दार उघडं धरून ठेवतं. अलार्म वाजला किंवा वीज गेली की ते सुटतं आणि दार आपोआप मिटतं. चोवीसही दारांना नको. वर्दळीच्या खालच्या तीन मजल्यांना लावा, सहा दारं. बाकीच्यांचे क्लोजर जरा सैल करून घ्या, पण खटका पडेपर्यंत दार मिटतंय ना, हे प्रत्येक दारापाशी उभं राहून बघा.

---

अबोली७ | १४ सप्टेंबर, रात्री ९:१५

आमच्या आठव्या मजल्याचं कुलूप काल काढलं. सायकली अजून तिथेच आहेत. आज आईला तिथपर्यंत नेऊन आणलं, लिफ्टने. सायकलींच्या मधून व्हीलचेअर जाते का ते मोजलं. जात नाही. उद्या पाचवा अर्ज.